शाळेची रिसोर्स रूम आणि पालक ॲप : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

माझा मुलगा पाचवीत आहे. मराठी माध्यम, सेमी इंग्रजी. त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे समज चांगली, पण वाचणं-लिहिणं फार जड जातं. गेल्या जूनपासून तो शाळेच्या रिसोर्स रूममध्ये, म्हणजे अशा मुलांना विशेष शिक्षिका वेगळं शिकवते त्या खोलीत, जातो, आणि त्याबद्दल जे काही बोलायचं असेल ते पालक ॲपवरूनच बोलायचं, असा शाळेचा नियम आहे. दोन्हींचे पैसे वेगळे आहेत. रिसोर्स रूमचे महिन्याला १,५०० रुपये, ॲपचे वर्षाला ६००. जूनमध्ये ते भरताना एखाद्या पालकाने मला आपला अनुभव सांगितला असता तर फार बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितेय. शाळा मुंबईच्या पूर्व उपनगरातली आहे. नाव लिहीत नाही, मुलगा अजून तिथेच शिकतोय.

माझं मत आधीच सांगते. शिकवणं चांगलं आहे, कळवणं फार वाईट आहे. आणि कळवणं वाईट असल्यामुळे त्या चांगल्या शिकवण्यातलं निम्मं वाया जातं.

ऑक्टोबरमध्ये सहामाहीला काय झालं ते सांगते. परिसर अभ्यासाच्या पेपरच्या आदल्या रात्री लाइट घालवून त्याने आजीला दिवस-रात्र कशी होते ते दाखवलं. हातात मोसंबं, समोर मोबाइलचा टॉर्च. मोसंब्यावर पेनाने ठिपका काढून म्हणाला, "ही आपली मुंबई." मग ते हळूहळू फिरवत ठिपका उजेडात आला की "सकाळ झाली, आजी", अंधारात गेला की "झोपा आता". परिवलन, परिभ्रमण, आस कललेली असते म्हणून ऋतू होतात, सगळं न अडखळता सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "याला नापास कोण करणार?"

पेपर हातात आला तेव्हा त्यावर ४० पैकी ९ होते. याच धड्यावरच्या प्रश्नाखाली त्याने 'पृथ्वी' हा शब्द लिहायला घेतला होता. 'पृवी', मग 'प्रुथी', मग काहीतरी खोडलेलं, मग परत. इतकं खोडलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. त्याच्या खाली कोरं. पुढचं पानही कोरं. मी विचारलं तर म्हणाला, "आई, तो शब्दच येत नव्हता, मग बेल झाली."

त्याला लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते लिहून घेणारा माणूस, मिळायला हवा होता. तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळायला हवा होता, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. दोन्ही मिळालं नाही, कारण त्याचं डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र वर्गशिक्षिकेपर्यंत पोचलंच नव्हतं. मी ते जूनमध्येच ॲपच्या 'कागदपत्रे' भागात चढवलं होतं. ऑफिसने ते पाहिल्याची खूणही आली होती. ऑफिसने ते समुपदेशकांच्या फाइलला लावलं, आणि परीक्षा विभाग वेगळा, त्यांना कुणी सांगितलं नाही. बाई म्हणाल्या, "मला खरंच माहीत नव्हतं हो." माझा त्यांच्यावर विश्वास आहे. त्यांच्या वर्गात ५८ मुलं आहेत. पण चार महिने एक कागद एका इमारतीत, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेला नाही, आणि त्याची किंमत दहा वर्षांच्या मुलाने मोजली. तो आठवडाभर "मी ढ आहे" म्हणत होता. हे मी विसरू शकत नाही.

आता ॲपबद्दल. सुट्ट्या, फी, पावसामुळे शाळा बंद, या सूचना वेळेवर येतात. जुलैत एकदा तर पहाटे सहाला आली आणि आमची धावपळ वाचली. तेवढ्यासाठी ॲप चांगलं आहे. पण आपल्याला शाळेला काही सांगायचं असेल तर चार खाती आहेत: फी, बस, गणवेश आणि इतर. माझ्या मुलाचं शिकणं 'इतर'मध्ये जातं. तिथे २५० अक्षरांची मर्यादा आहे. सोबत कागद जोडता येत नाही. शाळेने दिलेल्या उत्तराला प्रत्युत्तर देता येत नाही, पुन्हा नवी विनंती टाकावी लागते आणि तिला नवा नंबर पडतो. मागचं काही पुढच्याला दिसत नाही. नऊ महिन्यांत मी २३ विनंत्या टाकल्या. उत्तरं आली ९. त्यातल्या सहांमध्ये शब्दन् शब्द एकच वाक्य, तेही इंग्रजीत: 'युवर कन्सर्न हॅज बीन नोटेड.' सहामाहीच्या पेपरबद्दलची तक्रार दोन दिवसांत हिरव्या रंगात 'रिझॉल्व्ह्ड' झाली. मला कुणाचा फोन नाही, मुलाशी कुणी बोललं नाही. मराठी शाळेतल्या मराठी पालकांना उत्तर इंग्रजीत का, हेही मी विचारलं होतं. ती विनंतीसुद्धा हिरवी झाली.

दुसरी गोष्ट मला सप्टेंबरमध्ये कळली, तीही मुलाकडून. रिसोर्स रूमच्या आठवड्यातल्या दोन तासिकांपैकी एक वर्गातल्या चित्रकलेच्या तासालाच ठेवली होती. चित्रकला हा त्याचा एकमेव विषय, ज्यात वर्ग त्याची वही मागून घेऊन बघतो. तोच तास काढून घेतला, आणि आम्हाला विचारणं सोडाच, सांगितलंही नाही. मला वाटत होतं की पोरगं मंगळवारी शाळेत जायला कुरकुरतंय ते आळसाने. विचारलं असतं तर मी इंग्रजी पाठांतराचा तास सुचवला असता. तीन विनंत्या टाकल्या, शेवटी गेटवर सुपरवायझर बाईंना गाठलं, तेव्हा तास बदलला.

पण रिसोर्स रूमच्या आत जे चालतं त्याबद्दल मी मनापासून चांगलं बोलेन. तिथल्या विशेष शिक्षिकेला मुलं ताई म्हणतात. ताईंनी पहिले दोन महिने त्याला पुस्तक दिलंच नाही. ताटात बारीक रवा पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचं, काढताना मोठ्याने म्हणायचं. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांत तो नेहमी गोंधळायचा, तर त्या जोड्या कधीच एका दिवशी घेतल्या नाहीत. आधी एक पक्कं, मग पंधरा दिवसांनी दुसरं. शब्द टाळ्या वाजवून तोडायचा: म-हा-राष्-ट्र. जोडाक्षरात अर्धं अक्षर लाल, पूर्ण निळं. वाचताना ओळीवर एक पुठ्ठा ठेवायचा, त्याला एका ओळीएवढी खिडकी कापलेली, म्हणजे वरखालच्या ओळी डोळ्यांत घुसत नाहीत. तो पुठ्ठा आता आमच्याकडे डब्याच्या पिशवीत असतो. डिसेंबरमध्ये बसस्टॉपवर उभे असताना त्याने समोरच्या बसची पाटी स्वतःहून वाचली, "घाटकोपर". बस आमची नव्हती. मी त्याला तिथेच जवळ घेतलं.

ताई एकट्या आहेत आणि मुलं ३४. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं होतं. त्या हिशेबाने आमच्या शाळेत किमान तीन ताई हव्यात. ताईंना ॲपवर पालकांशी बोलायची परवानगी नाही, सगळं ऑफिसमधून जातं. म्हणजे ज्या बाईला माझ्या मुलाबद्दल सगळ्यात जास्त माहिती, तिचाच माझ्याशी संबंध नाही.

नोव्हेंबरच्या पालकसभेत मी ताईंना एकच विनंती केली. आठवड्याला दोन ओळी लिहून द्या, बाकी काही नको. त्यांनी त्याच दिवशी ड्रॉवरमधून शंभर पानी वही काढली आणि त्याच्या दप्तरात टाकली. पहिली नोंद जशीच्या तशी: 'आज प्र-ची जोडाक्षरे. ८ पैकी ६. प्रकाश, प्रवास स्वतः वाचले. प्रश्न अडला. घरी रोज ५ मिनिटे, जास्त नको.' हे 'जास्त नको' माझ्यासाठी फार महत्त्वाचं होतं. तोपर्यंत मी रोज रात्री तासभर त्याच्याकडून शुद्धलेखन लिहून घेत होते, दोघंही रडायचो. ताई शाळेत रव्यातून शिकवत होत्या आणि मी घरी नेमकं त्याच्या उलट करत होते, कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं. वही सुरू झाल्यावर ते थांबलं. मीही खाली लिहू लागले, 'काल थकला होता, तीनच शब्द झाले.' त्यावर ताईंची बरोबरची खूण यायची. ६०० रुपयांच्या ॲपने जे दिलं नाही ते एका साध्या वहीने दिलं.

जानेवारीत वही अचानक कोरी यायला लागली. एक आठवडा, दुसरा, तिसरा. मुलगा म्हणाला, "ताई येतच नाहीत, आम्हाला लायब्ररीत बसवतात." ताई घरच्या आजारपणासाठी रजेवर होत्या. त्यांची रजा अगदी योग्य, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तीन आठवडे ३४ मुलांचे तास बंद आहेत हे पालकांना कळवायला शाळेला एक संदेश पुरला असता. स्नेहसंमेलनाच्या कपड्यांचे त्याच काळात अकरा संदेश आले.

गुण द्यायचे तर रिसोर्स रूमला पाचपैकी चार, ॲपला पाचपैकी दीड.

जे पालक आत्ता सुरुवात करताहेत त्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास मिळतं. मुंबईत सायन, नायर अशा महापालिकेच्या रुग्णालयांत तपासणी होते. डोळे, कान, बुद्ध्यांक आणि मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी, म्हणजे एका खेपेत होत नाही, रजा शिल्लक ठेवा. शाळेचं पत्र आणि प्रगतिपुस्तक लागतं, आणि शाळेचं पत्रच सगळ्यात उशिरा येतं, तर ते आधी मागा. पुढे मोठं झाल्यावर पुन्हा तपासणी करावी लागते, तेव्हा जुन्या कागदांची फाइल सांभाळा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यात आहे. डिस्लेक्सिया त्यातच येतो. सरकारमान्य शाळेने अशी मुलं लवकर ओळखावीत, शिकवण्याची पद्धत बदलावी, प्रत्येकाच्या प्रगतीवर लक्ष ठेवावं, असं कलम १६ सांगतं. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे कलम १७ मध्ये आहे. मी ही दोन्ही कलमं छापून घेतली आणि फाइलमध्ये वरच ठेवली. भांडायला नाही. पण "आमच्याकडे अशी पद्धत नाही" असं कुणी म्हटलं की तो कागद पुढे करता येतो आणि आपला आवाज चढत नाही.

आणि जे मागाल ते कागदावर मागा. ॲपवर टाका, पण तेच अर्ज करून ऑफिसच्या खिडकीवर द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून पोच घ्या. प्रती तीन काढा: वर्गशिक्षिका, परीक्षा विभाग, मुख्याध्यापक. ऑक्टोबरपूर्वी मला हे कुणी सांगितलं असतं तर त्या कागदाला भोक पडलं नसतं.

पुढच्या वर्षी रिसोर्स रूमचे पैसे मी भरणार आहे, ताईंसाठी. ॲपचे भरावेच लागतात.

राज्यात २०२३-२४ पासून पाचवीला पुन्हा उत्तीर्ण व्हावं लागणारी वार्षिक परीक्षा आली आहे, त्यामुळे या एप्रिलची मला काळजी आहे. लेखनिक आणि जादा वेळेचा अर्ज मी गेल्या गुरुवारी दिला. तिन्ही प्रतींवर शिक्का आहे. ताई परत आल्या आहेत. कालची वहीतली नोंद: 'पृथ्वी वाचला. लिहिला. एकदाच खोडले.' लेखनिकाचं लेखी उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं शाळेने तोंडी कबूल केलंय. नाही आलं तर सोमवारी सकाळी अर्धा दिवस रजा टाकून मी खिडकीपाशी उभी असेन. उत्तर आलं की तारखेसह यात भर घालीन.