पाळीतल्या कळांवर सुंठ, ओवा, अशोकारिष्ट: काही महिने वापरल्यावर

आधी निकाल. सुंठ कामाची, ओवा ठीकठाक, अशोकारिष्ट (अशोकाच्या सालीचं आंबवलेलं आयुर्वेदिक औषध) बाटली बघून.

पाळी सुरू होताना गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्यानं स्नायू आवळतात आणि कळा येतात. जोर पहिल्या दोन-तीन दिवसांचा. म्हणून कळ शिगेला पोचल्यावर घेतलेल्या काढ्याचा फारसा उपयोग होत नाही. पोट जड वाटायला लागलं की लगेच सुरुवात करायची. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिले तीन दिवस 250 मिलिग्रॅम सुंठ दिवसातून चार वेळा दिली, तर ती मेफेनामिक ॲसिड आणि आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधांच्या तोडीची ठरली. घरी मोजायचं तर सपाट पाव चमचा म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. जेवणानंतर दोनदा, कोमट पाण्यात गूळ घालून. उपाशीपोटी घेतली की छातीत जळजळ होते, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर जास्तच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नागपूरच्या इतवारी बाजारात सुंठ घेताना पांढरीशुभ्र गाठ टाळावी, ती बहुधा चुन्यात घोळलेली असते. मळकट, तोडल्यावर झणका येणारी घ्यावी. अख्खी गाठ मिक्सरमध्ये टाकली तर रेषे पात्याला गुंडाळतात. आधी खलबत्त्यात फोडायची, मग दळून चाळायची. पावसाळ्यात तिला पोरकिडे (धान्यातले बारीक किडे) लागतात, म्हणून महिन्यापुरतीच दळावी.

ओवा अर्धा चमचा, भाजून, कोमट पाण्यासोबत. गॅस धरून पोट फुगलं असेल तर मोकळं वाटतं. कळ मात्र तशीच राहते.

अशोकारिष्टाची गंमत वेगळी. रस्त्याकडेला उंच, सरळ वाढणारं जे झाड आपण अशोक म्हणून ओळखतो, ते औषधातलं नव्हेच. खरा सीतेचा अशोक केशरी-पिवळ्या फुलांच्या गुच्छांचा, आणि त्याच्या सालीत या खोट्या अशोकाची साल सर्रास मिसळली जाते. तेव्हा अंगणातली साल उकळण्याचा उद्योग नको. बाटलीवर घटक आणि परवाना क्रमांक बघावा. मात्रा 12 ते 24 मिली, तितकंच पाणी घालून जेवणानंतर. यात गूळ असतो आणि आंबवल्यामुळे थोडं अल्कोहोलही, म्हणून मधुमेह असेल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल तर नकोच. कळांवर लगेच परिणाम अपेक्षित असेल तर निराशा होईल.

या सगळ्यांपेक्षा भरवशाचा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. दोन-तृतीयांश भरायची, हवा काढायची, टॉवेलात गुंडाळून 15-20 मिनिटं ठेवायची. रोज तासन्‌तास शेकलं तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. मे महिन्यात कूलरसमोर बसून शेकलं तरी चालतं, लोक हसले तर हसू द्या.

तासाला पॅड भिजत असेल, दुखणं महिन्यागणिक वाढत असेल किंवा वयाच्या तिशीनंतर नव्यानं सुरू झालं असेल, तर सुंठ बाजूला ठेवून सोनोग्राफी करून घ्यावी. त्यामागे फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) असू शकतं.