बोलताना ब्रास, चलनावर घनमीटर : क्रश सँडमध्ये मी कसा गंडलो

साताऱ्यात घराचं काम काढलंय, कोरेगाव रोडच्या बाजूला. खडी-वाळूचा रेट सगळीकडं ब्रासवरच (100 घनफुटाचं माप) सांगतात, मी पण तसाच ठरवला, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) साडेचार हजार रुपये ब्रास, गाडी तीन ब्रासची, चार गाड्या टाकल्या म्हणजे बारा ब्रास. पैसे पूर्ण देऊन टाकले, तीच चूक झाली. सप्लायरचं नाव घेत नाही, ओळखीतला माणूस आहे.

मिस्त्री म्हणाला, साहेब बारा ब्रासमध्ये एवढं लवकर संपत नाही, माल कमी आलाय. मला वाटलं हाच कुठंतरी उधळत असेल (बिचाऱ्यावर उगीच संशय घेतला). पाचवी गाडी आली तेव्हा टेप घेऊन सरळ डंपरवर चढलो. हौद्याच्या आतून लांबी 12 फूट, रुंदी 7, उंची 3, म्हणजे 252 घनफूट. ब्रास म्हणजे 100 घनफूट, मग ही गाडी अडीच ब्रासची झाली की ओ, तीनची कुठली! ड्रायव्हर म्हणतो वरची शीग (हौद्याच्या वरचा ढीग) धरा. अरे पण साताऱ्यापर्यंतच्या खड्ड्यात ती शीग राहती का, निम्मी बसती, आणि वाळू ओली असली की फुगून जास्त दिसती ते वेगळंच.

चार गाड्यांत 192 घनफूट गेले, साडेआठ हजाराच्या वर.

सप्लायरला फोन केला तर गडी शांतपणे म्हणतो चलन (गाडीबरोबर येणारी मालाची पावती) बघा. काढून बघितलं तर चारही चलनांवर 7 घनमीटर लिहिलंय आणि खाली माझी सही! एक घनमीटर म्हणजे 35.3 घनफूट, ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, तीन ब्रासचे साडेआठ घनमीटर व्हायला पाहिजेत. मी बापजन्मात घनमीटरमध्ये विचार केलेला नाही, 7 आकडा बघून काहीतरी सरकारी असेल म्हणून सही ठोकली. वर तोच मला ऐकवतो, ब्रास नुसता बोलायला असतो, कायद्यानं मेट्रिकच लागतं. आणि ते खरंय बरं का, 2009 चा वैधमापनशास्त्र कायदा तेच सांगतो, म्हणजे कागदावर तो चोख आणि मी येडा.

तुम्ही गाडी खाली करायच्या आधी हौदा आतून मोजा, चलनावर ब्रास आणि घनमीटर दोन्ही लिहून घ्या, नाहीतर सही करू नका. जमलं तर वजनकाट्याची पावती मागा, ब्रासला साधारण साडेचार टनाच्या आसपास भरायला पाहिजे, अर्थात ओल असली तर काटाही फसवतो.

आता प्लास्टरवाला आलाय, तो पण ब्रासवरच रेट सांगतोय, पण त्याचा ब्रास 100 चौरस फुटांचा. खिडक्या-दारं वजा करणार का विचारलं तर म्हणतो, बघू की नंतर.