अंतूरचा वाटाड्या आणि मावशींचं जेवण

अजिंठ्याच्या डोंगररांगेत फिरायचं तर गावचा माणूस सोबत हवाच, असं माझं ठाम मत आहे. कन्नड तालुक्यातल्या अंतूर किल्ल्यासाठी पायथ्याच्या गावातला एक तरुण वाटाड्या आम्ही घेतला आणि त्याचं मनापासून कौतुक करावंसं वाटतं. सोबत माझे साठीतले वडील होते. वाटाड्या दादाने त्यांची चाल बघून वेग धरला, उगाच घाई केली नाही. उतारावर बारीक मुरूम पायाखालून सुटतो, तिथे "बाबा, पाय आडवा टाका" म्हणत तो स्वतः खालच्या बाजूला उभा राहायचा. एकामागून एक लागणारे दरवाजे, त्यावरचा फारसी शिलालेख, वरचा मोठा तलाव, सगळं त्याने निवांत दाखवलं. निजामशाहीच्या गोष्टी थोड्या सांगितल्या. झाडं-पाखरांबद्दल मात्र भरभरून. शेजारीच गौताळा अभयारण्य, त्यामुळे वाटेत प्लॅस्टिक टाकू देत नाही, हे मला फार आवडलं.

जेवण त्याच्याच घरी. मावशींनी चुलीवर बाजरीच्या भाकरी, पिठलं आणि खलबत्त्यात कुटलेला शेंगदाण्याचा ठेचा केला होता. भाकरीचा पापुद्रा टम्म फुगलेला, त्यात तेल-मीठ घालून वडिलांनी आधी तेवढंच खाल्लं.

तक्रार एकच. पैसे आधी ठरवून घ्या, कारण जेवणाचे वेगळे असतात हे आम्हाला शेवटी कळलं. उन्हाळ्यात जाऊ नका, सावली कमी आहे. पावसाळा सरता सरता जा आणि पाणी भरपूर घ्या.