गुगल फॉर्म्सचं शफल: आठ महिने वापरल्यावर

लोकल, बेस्ट आणि मेट्रोच्या प्रवाशांसाठी केलेल्या सर्व्हेंमध्ये हे शफल, म्हणजे प्रत्येकाला प्रश्न किंवा पर्याय वेगळ्या क्रमाने दाखवायची सोय, आठ महिने वापरलं. ऑप्शनचं शफल चांगलं, ग्रिडच्या (ओळी-रकान्यांच्या तक्त्यासारख्या प्रश्नाच्या) ओळींचं त्याहून चांगलं. अख्ख्या फॉर्मचं शफल मात्र जपून.

क्रमाने उत्तर फिरतं, ही जुनी गोष्ट आहे. 1948 साली अमेरिकेत विचारलं गेलं, की कम्युनिस्ट देशांच्या बातमीदारांना इथे येऊ द्यावं का? हाच प्रश्न आधी आला तेव्हा 36-37 टक्के 'हो' म्हणाले. 'आपल्या बातमीदारांना तिकडे जाऊ द्यावं का' या प्रश्नानंतर तोच आला तेव्हा 73 टक्के. आपल्याकडे गर्दीबद्दल विचारून लगेच 'एकूण प्रवासाबद्दल किती समाधानी?' विचारा, माणूस प्रवासाचं नाही, सकाळच्या विरार फास्टचं उत्तर देतो. म्हणून एकूण समाधानाचा प्रश्न कायम पहिला. तो शफलमध्ये टाकायचाच नाही.

अडचण इथेच येते. सेटिंग्जमध्ये प्रेझेंटेशनखाली प्रश्नांचा क्रम बदलायचं एकच बटण आहे, आणि ते सगळ्या फॉर्मला लागू होतं. सेक्शन (फॉर्मची वेगवेगळी पानं) जागेवर राहतात, आतले प्रश्न मात्र ढवळले जातात. त्यामुळे 'वरच्या उत्तराचं कारण लिहा' हा प्रश्न भलत्याच प्रश्नाखाली जाऊन बसतो. यावर उपाय सोपा: जो प्रश्न हलायला नको, त्याला स्वतंत्र सेक्शन द्या. एकटा प्रश्न हलणार कुठे? तोटा एवढाच, की 'पुढे' जास्त वेळा दाबावं लागतं, आणि ट्रेनमध्ये एका हाताने दांडी धरलेल्या माणसाला ते नकोसं होतं.

ऑप्शनचं शफल प्रश्नाच्या तीन टिंबांत आहे. तयार मिळणारा 'इतर' तळाशीच राहतो. पण आपण टाइप केलेला 'यांपैकी काहीही नाही' मध्येच कुठेतरी जाऊन पडतो. वयोगट आणि 'पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत' यांना शफल कधीच लावू नका. ग्रिडच्या ओळींना मात्र लावाच: पंखे, इंडिकेटर, स्वच्छतागृह, तिकिटाची रांग अशा आठ-दहा ओळी असल्या की शेवटच्या ओळींत लोक डोळे मिटून एकाच रकान्यावर टिचक्या मारतात. शफलने ही आळशी उत्तरं थांबत नाहीत, फक्त सगळ्या ओळींत वाटली जातात.

सर्वांत मोठी उणीव उत्तरं जमा होतात त्या शीटमध्ये दिसते. कोणाला कोणता क्रम दिसला, याची नोंदच नाही. रकाने मूळ क्रमानेच येतात. क्रमाचा परिणाम मोजायचा असेल तर उलट-सुलट क्रमाचे दोन फॉर्म करून लिंका आलटून पालटून वाटा. नाहीतर लाइमसर्व्हे हे सर्व्हेचं दुसरं सॉफ्टवेअर घ्या. तिथे ठरावीक प्रश्नांना एकच 'रँडमायझेशन ग्रुप'चं नाव दिलं, की तेवढेच प्रश्न आपापसांत जागा बदलतात, बाकीचे हलत नाहीत. क्रमाची नोंद हवी असल्यास लपवलेल्या इक्वेशन प्रश्नात (जो आकडेमोड आपोआप करतो) 1 किंवा 2 असा आकडा काढून, कोणत्या आकड्याला कोणता क्रम दाखवायचा अशा अटी लावता येतात. फक्त 'आधीच आकडा असेल तर तोच ठेव' ही अट विसरू नका. नाहीतर मागच्या पानावर गेलेल्याचा गट मध्येच बदलू शकतो.

प्रतिसाद कमी असतील तर पूर्ण शफलच्या नादी लागू नका. आठच प्रश्नांचे 40,320 क्रम होतात. दीडशे प्रवाशांत जवळजवळ प्रत्येकाचा क्रम वेगळा. प्रश्नांचे चार गट करा, चार ठरलेले क्रम असे लावा की प्रत्येक गट प्रत्येक जागी एकदा येईल, आणि प्रत्येक क्रम साधारण सारख्याच संख्येच्या लोकांना द्या.