चार इंजेक्टरचे १९,२०० घेतले, फुटला होता एक रबरी पाईप

माझी २०११ ची ईको, पेट्रोल. आठवडी बाजारात तयार कपडे विकते, गाठोडी त्याच गाडीतून जातात. महिनाभर गाडी उभी असली की थरथरायची, मिसिंग करायची; रेस दिली की मात्र नीट चालायची. चेक इंजिनचा दिवा लागलेला होता. गॅरेजवाल्याला मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्याने स्कॅनर लावला आणि म्हणाला, "ताई, चारही इंजेक्टर गेलेत." इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग.

हिशेब असा: इंजेक्टर ४,८०० प्रमाणे चार, म्हणजे १९,२००. मजुरी ३,२००. 'ईसीएम', म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, 'सेटिंग'चे २,५००. एकूण २४,९००. त्यातले १५,००० यूपीआयने दिले आणि ९,९०० रोख, कारण "पक्कं बिल केलं तर जीएसटी चढेल." रोख देऊ नका. काही झालं तरी देऊ नका.

जुने इंजेक्टर मी मागितले होते. हे मला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण घरात सगळे म्हणतात, विचारायचं नाही का? विचारलं होतं. तो म्हणाला, "जुना माल कंपनीत परत द्यावा लागतो." तिथेच गाडीची चावी काढून घ्यायला हवी होती. पैसे मी मोजलेत, तर काढलेला माल माझा, मग तो परत कोणाला देणार? शिवाय त्याने 'नवे' म्हणून दाखवलेल्या इंजेक्टरचं टोक चकचकीत होतं आणि कनेक्टरच्या खाचेत माती. ती माती मी डोळ्यांनी पाहिली आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी बाजार होता, ४० हजारांचा माल भरून ठेवलेला होता. अशा वेळी माणूस भांडत बसत नाही आणि हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आठ दिवसांत थरथर परत आली. दुसऱ्या मेकॅनिकने माझ्या मोबाईलमधला स्कॅनरचा फोटो पाहिला. त्यात दोषाचा कोड एकच, पी०१७१. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजेक्टरच्या वायरिंगचा किंवा त्याच्या आतल्या कॉइलचा दोष असता तर पी०२०१ ते पी०२०४ यांपैकी काहीतरी दिसलं असतं. इंजेक्टर कचऱ्याने तुंबूनही पी०१७१ येतो, पण चारही एकदम गेले म्हणणाऱ्याने आधी इंधनाचं प्रेशर मोजून दाखवावं. याने गेज लावलाच नव्हता. नव्या मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, पाईपांवर थोडा क्लीनर मारला. एका जागी मारताच इंजिनचा आवाज बदलला. व्हॅक्यूमचा रबरी पाईप चिरलेला होता, तिथून जास्तीची हवा आत ओढली जात होती. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, हा व्हॅक्यूम (हवा ओढण्याचा जोर) जास्त असतो म्हणून तिथे थरथर, रेसवर नाही. पाईप ३४०, मजुरी ४००. इंजेक्टर काढून दाखवले, तेच जुने, फक्त धुतलेले.

कोड पुसण्याआधी स्कॅनरचा फोटो घ्याच. पहिल्याने लगेच पुसला होता. माझ्या मुलाने सहज काढलेला फोटो म्हणून पुरावा राहिला.

पोलीस ठाण्यात गेले तर "हे दिवाणी प्रकरण आहे, पैशांचं तुमचं तुम्ही बघा." अर्जाची पोच मागितली, ती दिली नाही. परिवहन खात्यातून उत्तर आलं की गॅरेज त्यांच्या अखत्यारीत नाही. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्यांदा बाबूंनी सांगितलं, गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही. मी खालच्या मानेने परत आले. नंतर एका वकीलबाईंनी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं कलम २(७) वाचून दाखवलं: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. खिडकीवर बसलेल्याला हे माहीत नसावं? की माहीत असून बाईला हाकलायचं? माझे तीन बाजार बुडाले त्या फेऱ्यांत.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. मी तक्रार टाकली आहे, सोबत यूपीआयची नोंद, तो फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचं ७४० चं पक्कं बिल. रोख दिलेल्या ९,९०० चा कागद माझ्याकडे नाही.