युरोपच्या ई-सिममध्ये स्वित्झर्लंड आहे का, ते आधी बघा

मे महिन्यात आम्ही दोघं पंधरा दिवस युरोपात होतो. पॅरिस, लाउटरब्रुनेन, इन्सब्रुक, व्हेनिस आणि शेवटी म्युनिकला लेकीकडे. टूर कंपनी नव्हती, सगळं आपलं आपण. गाडीचा फलाट, तिकिटं, राहत्या घराच्या कुलपाचा कोड, सगळं फोनवर. शिवाय मिरजेला सासूबाई, वय ८६. रोज संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल करीन, असं त्यांना कबूल करून निघाले होते. तिकडे तेव्हा दुपारचे चार वाजतात.

ह्या प्रवासात मी दोन ई-सिम वापरली. ई-सिम म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच बसवायचं सिम. पहिलं 'युरोप' नावाचं, १० जीबी, ३० दिवस. निघायच्या आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर क्यूआर कोड स्कॅन करून पाच मिनिटांत बसवलं. पॅरिसला उतरल्यावर त्या लाइनचं डेटा रोमिंग चालू करावं लागतं. रोमिंग म्हटलं की आपल्याला बिल आठवतं, त्यामुळे हात लवकर धजत नाही. पण ई-सिम तिथे परकंच असतं, रोमिंगशिवाय ते चालत नाही. आपल्या भारतीय सिमचं डेटा रोमिंग मात्र बंद ठेवायचं. हे एवढं केलं आणि पॅरिसचे तीन दिवस नेट छान मिळालं, अगदी मेट्रोच्या बोगद्यातही.

चौथ्या दिवशी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला उतरलो आणि नेट गेलं. फोन बंद करून चालू केला, विमान मोड लावून काढला, काही उपयोग नाही. चार वाजले तेव्हा आमची इंटरलाकेनची गाडी थूनच्या तळ्याकाठून चालली होती. इतकं निळं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं, पण माझं सगळं लक्ष फोनच्या कोपऱ्यातल्या त्या रिकाम्या दांड्यांकडे. लाउटरब्रुनेनला घराच्या दाराशी पोचलो, तर कुलपाचा कोड व्हॉट्सॲपवर येणार होता. शेवटी स्टेशनजवळच्या दुकानातल्या मुलीने स्वतःचा हॉटस्पॉट दिला. कोडच्या आधी दिसले ते मिरजेचे सात मिस्ड कॉल. मिरजेत रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि आई जेवायच्या थांबल्या होत्या. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

नंतर त्या ई-सिमची देशांची यादी उघडून वाचली. त्यात नॉर्वे होता, आइसलँड होता, एवढंसं लिख्टनस्टाइनही होतं. स्वित्झर्लंड नव्हतं. कारण असं, की युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैशांशिवाय चालतं. तो नियम आता २०३२ पर्यंत वाढवला आहे. हे तिन्ही देश संघात नसले तरी युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहेत, म्हणून त्यांना तो लागू होतो. स्वित्झर्लंड दोन्हीकडे नाही, आणि ब्रिटनही आता बाहेर. तिथलं नेट कंपनीला वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि स्वस्त सिममध्ये नेमकं तेच गाळतात. युरोपला जाणारा आपला जवळजवळ प्रत्येक माणूस स्वित्झर्लंडला जातो. त्याला सिम विकताना हे पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत लिहायला हवं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ही रीत एकाच कंपनीची नाही.

दुसरं ई-सिम मी त्या दुकानातच उभ्या उभ्या घेतलं. कार्डाने पैसे भरताना ओटीपी आला तो भारतीय सिमवर. निघण्यापूर्वी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सोय चालू करून ठेवली होती आणि सिम फोनमध्येच होतं, म्हणून निभावलं. येणाऱ्या एसेमेसला पैसे पडले नाहीत. सिम काढून पाकिटात ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्या.

दुसऱ्याने पुढचे अकरा दिवस साथ दिली. युंगफ्राउयोखला, ३४५४ मीटरवर, भर दुपारी आईंना फोन लावला आणि अलेच हिमनदी दाखवली. त्यांनी घटकाभर बघितली आणि म्हणाल्या, "ते राहू दे, तुझे कान उघडे आहेत, आधी डोक्याला बांध काहीतरी." चित्र एकदाही अडकलं नाही. उणीव म्हणाल तर गूगल कधीकधी भलत्याच भाषेत पान उघडतं, कारण नेट तिसऱ्याच देशातून फिरून येतं. आणि ह्या सिमला फोन नंबर नसतो, नुसता डेटा. व्हॉट्सॲप आपल्या जुन्याच नंबरावर चालू राहतं.

पंधरा दिवसांत दोघांत मिळून साडेसहा जीबी लागलं. दोघांत, कारण ह्यांच्या फोनला ई-सिम चालत नाही आणि ते माझ्या हॉटस्पॉटवर होते. ही काटकसर मी पुन्हा करणार नाही. माझी बॅटरी रोज दुपारी तीनलाच संपायची. आणि व्हेनिसला रिआल्तो पुलापाशी हे पाण्याची बाटली आणायला म्हणून गेले, ते गल्ल्यांत चुकले. जवळ नकाशा नाही, मेसेज जात नाही. वीस मिनिटं मी पुलाच्या पायरीवर उभी होते. ते परत आले तेव्हा दोघांनाही काही बोलवेना.

तीन-चार दिवसांची सहल असेल तर आपल्याच कंपनीचा परदेशी पॅक बरा, काही बसवायला नको. त्याहून जास्त दिवस आणि चार-पाच देश असतील तर ई-सिमच घ्या, पण माणशी एक.

परत आल्यावर ह्यांच्यासाठी नवा फोन घ्यायला गेलो. दुकानात आधी *#०६# लावून बघितलं, ईआयडीचा, म्हणजे फोनमधल्या ई-सिमच्या ओळखीचा, लांबलचक आकडा आला, मगच पैसे दिले.