मोठ्या, मोकळ्या बेसमेंटमधील होम थिएटर: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचे बेसमेंट ४० फूट लांब, २४ फूट रुंद आणि साडेसात फूट उंच आहे, आणि त्यात मध्ये एकही भिंत नाही. एका टोकाला टीव्ही आणि सोफा, दुसऱ्या टोकाला टेबल टेनिसचे टेबल, मधे छताची तुळई पेलणारे दोन पोलादी खांब, आणि बाजूने दार नसलेला, थेट स्वयंपाकघरात उघडणारा जिना. आम्ही डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहतो. इथल्या थंडीत पाया जमिनीखाली किमान ४२ इंच न्यावाच लागतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक घराला बेसमेंट असते आणि ते ‘पूर्ण’ करून घेतले की पहिला विचार होम थिएटरचाच होतो. आम्ही मागच्या नोव्हेंबरमध्ये स्पीकर घेतले. हिवाळाभर ते जवळजवळ रोज वाजले, उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा. कंपन्यांची नावे मी देत नाही, कारण मॉडेल सतत बदलत राहतात. कोणत्या प्रकारचा स्पीकर का घेतला आणि तो अशा खोलीत कसा निघाला, हे सांगितलेले अधिक उपयोगी पडेल.

साडेसात फूट उंची धरून या जागेचे आकारमान ७,२०० घनफूट होते. पुण्यातल्या आमच्या जुन्या फ्लॅटचा हॉल १६ बाय १२ फुटांचा आणि दहा फूट उंचीचा, म्हणजे १,९२० घनफुटांचा होता. ही खोली त्याच्या पावणेचारपट आहे आणि जिन्यातून वर जाणारी हवा वेगळीच. साहजिकच घरात सगळ्यांचे मत पडले की खोली मोठी आहे तर स्पीकरही मोठे हवेत, आणि माझ्या नवऱ्याने चार फूट उंचीच्या टॉवर स्पीकरवर मन पक्के केले होते. एका स्नेह्यांनी त्यांचे तसेच टॉवर आम्हाला शनिवार-रविवारपुरते वापरायला दिले, हे आमचे भाग्यच म्हणायचे. सोफ्यावर बसून ऐकताना माणसांचे आवाज उत्तम, वाद्ये स्वच्छ. पण खालचा बास मात्र कुठेतरी विरून गेल्यासारखा. त्यांच्या बंद दाराच्या खोलीत याच स्पीकरनी खिडक्या थरथरवल्या होत्या.

त्या दोन दिवसांत माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की मोठ्या मोकळ्या खोलीत आवाजाचे दोन वेगळे प्रश्न असतात आणि ते एकाच पैशात सुटत नाहीत. संवाद, व्हायोलिन, काच फुटल्याचा आवाज हे सगळे बव्हंशी सरळ रेषेत कानापर्यंत येते. त्यांच्यासाठी महत्त्वाचे असते ते स्पीकर आणि सोफा यांतील अंतर, आणि ते आमच्याकडे तेरा फूट, म्हणजे सुमारे चार मीटर आहे. खालच्या बासचे तसे नाही. २० हर्ट्झच्या लहरीची लांबी ५६ फुटांच्या आसपास असते. तिच्या दृष्टीने सोफा, टेबल टेनिस आणि जिना हे सारे एकच आहे, आणि त्या सगळ्या हवेवर तिला दाब आणावा लागतो. म्हणून स्पीकर निवडायचे ते सोफ्याच्या अंतराकडे बघून, आणि सबवूफर, म्हणजे फक्त खालचा बास वाजवणारा वेगळा स्पीकर, निवडायचा तो संपूर्ण बेसमेंटच्या आकारमानाकडे बघून. आमच्या ५,००० डॉलरांच्या अंदाजपत्रकातले जवळजवळ निम्मे पैसे आम्ही सबवूफरवर घातले. त्या वेळी तो निर्णय धाडसी वाटला होता, आज मी तोच पुन्हा घेईन.

आधी स्पीकरबद्दल. सिनेमागृहाच्या प्रमाण पातळीवर मुख्य स्पीकरकडून क्षणिक शिखरांसाठी १०५ डेसिबलची अपेक्षा असते. घरात कोणी एवढ्या मोठ्याने ऐकत नाही. आम्ही त्याच्या दहा डेसिबल खाली, म्हणजे ९५ च्या शिखरांवर ऐकतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे एका मीटरवर मोजलेला आवाज चार मीटरवर बारा डेसिबल कमी होतो. ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या (म्हणजे एका वॉटवर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरला आमच्या सोफ्यावर ९५ गाठायला सुमारे १०० वॉट लागतात आणि १०५ साठी १,०००. ९३ डेसिबलच्या स्पीकरला हेच काम २५ आणि २५० वॉटमध्ये जमते. बंदिस्त खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भर घालतो, पण आमच्या उजव्या बाजूला भिंतच नसल्याने त्या मदतीवर मी विसंबले नाही. रिसीव्हरच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरच्या, खोक्यावरचे १०० वॉट बहुधा दोनच चॅनेल चालू असताना मोजलेले असतात, हेही लक्षात ठेवावे लागते. संवेदनशीलतेच्या आकड्यात आणखी एक मेख आहे: ती २.८३ व्होल्टवर मोजतात, आणि स्पीकर चार ओहमचा असेल तर तेवढ्या व्होल्टला एक नव्हे, दोन वॉट खर्च होतात. कागदावर तीन डेसिबल आपोआप वाढतात.

म्हणून आम्ही टॉवर सोडून खालच्या स्वरांसाठी आठ इंची वूफर आणि वरच्या स्वरांसाठी कर्ण्यासारख्या खोबणीत बसवलेला ट्वीटर असलेले, स्टँडवर ठेवायचे ९३ डेसिबलचे स्पीकर घेतले. क्रॉसओव्हर म्हणजे ज्या सीमेखालचे स्वर सबवूफरकडे वळवले जातात ती सीमा; टॉवरचा जास्तीचा बास तिच्या खाली सबवूफरकडेच जाणार होता, त्यासाठी वेगळे पैसे कशाला मोजायचे? नवऱ्याला हे पटायला आठवडा लागला. दहा महिन्यांत एकदाही या स्पीकरना धाप लागलेली मी ऐकली नाही. पहिले काही दिवस स, श ही अक्षरे किंचित टोकदार वाटत होती. स्पीकर थेट सोफ्याकडे वळवलेले होते ते थोडे बाहेरच्या बाजूला फिरवल्यावर तो त्रास गेला.

मुख्यतः संवाद वाजवणाऱ्या मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरवर मात्र मी अधिक लिहिणार आहे, कारण आमची सर्वांत मोठी चूक तिथे झाली. पहिला घेतला तो नेहमीच्या आडव्या ठेवणीचा: मधे ट्वीटर, दोन्ही बाजूंना एकसारखे वूफर. मी सोफ्याच्या मधोमध बसून ऐकला आणि खूश झाले. जानेवारीत सांगलीहून आई आली. ती सोफ्याच्या अगदी डाव्या टोकाला बसते, कारण तिथे दिव्याखाली तिला विणकाम करता येते. मराठी नाटकाचे चित्रीकरण लावले होते, आणि दहा मिनिटांनी ती म्हणाली, “अगं, आवाज मोठा आहे, पण शब्द पोटात गेल्यासारखे वाटतात.” मला वाटले वयामुळे असेल. मग मी स्वतः तिच्या जागेवर जाऊन बसले, आणि खरोखरच नटाचे ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ एकसारखे ऐकू येत होते. मधे सरकले की स्पष्ट, कडेला गेले की धूसर. कारण साधे आहे: आडव्या रांगेतले दोन वूफर आणि कडेच्या श्रोत्याचा कान यांतली अंतरे वेगवेगळी पडतात, त्यामुळे शब्द ज्यावर उभे असतात त्या एक-दोन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात दोन लहरी एकमेकींना मारतात. मोठ्या खोलीत सोफा लांब असतो, म्हणून तिथे हा दोष लहान खोलीपेक्षा जास्त जाचतो.

आम्ही तो परत करून तीन-मार्गी सेंटर घेतला, ज्यात ट्वीटर आणि मध्यस्वरांचा लहान ड्रायव्हर एकाखाली एक, उभे बसवलेले असतात आणि वूफर फक्त खालचे स्वर सांभाळतात. परत करण्याचा अनुभव वाईट होता. दुकानाने खोक्याचा कोपरा चेपल्याचे कारण देऊन तीन आठवडे पैसे अडकवले. पण नवा सेंटर आल्यावर आईने जागा न बदलता संपूर्ण नाटक पाहिले आणि मधल्या एका विनोदाला माझ्या आधी हसली. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी १९६५ पासून ओटावातील कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत जे काम केले, त्याचा एक गाभा हाच आहे की स्पीकर समोरून कसा वाजतो याइतकेच बाजूंना तो कसा वाजतो हेही तपासले पाहिजे. खरेदीच्या आधी मी ते वाचले होते. सेंटर निवडताना ते वापरले नाही, याचे वाईट वाटते.

आता सबवूफर. सुरुवातीला आम्ही अपार्टमेंटमधला जुना दहा इंची सबवूफर कोपऱ्यात ठेवून पाहिला. एका युद्धदृश्यात त्याच्या पोर्टमधून, म्हणजे पेटीतल्या हवेच्या नळीतून, भाता फुंकल्यासारखा ‘फस्स’ असा वारा येऊ लागला आणि स्फोट मात्र ऐकूच आला नाही. नंतर घेतले ते १५ इंची, पोर्ट असलेले दोन. बंद पेटीचे सबवूफर आटोपशीर असतात आणि लहान खोलीत खोलीच त्यांना खालच्या स्वरांत साथ देते. एवढ्या उघड्या जागेत ती साथ फारशी मिळत नाही, आणि २० हर्ट्झच्या आसपास पोर्टवाला त्याच आकाराच्या बंद पेटीपेक्षा बराच जास्त आवाज काढतो. वॉटचे आकडे बघून निवडू नये. सीईए-२०१० या पद्धतीने मोजलेला २० आणि २५ हर्ट्झचा कमाल आवाज मिळाला, तर तोच पाहावा.

दोन घ्यायचे कारण केवळ ताकद नव्हे. हार्मनच्या टॉड वेल्टी यांच्या अभ्यासातून दिसते की दोन किंवा चार सबवूफर योग्य जागी ठेवले की वेगवेगळ्या आसनांवरचा बास एकसारखा होत जातो. योग्य जागा शोधायला मी जुनी युक्ती वापरली: सबवूफर सोफ्यावर, माझ्या बसण्याच्या जागी ठेवला, तानपुऱ्यासह तबल्याचे ध्वनिमुद्रण लावले आणि मी गालिच्यावर गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरले, जिथे डग्ग्याचा ‘घे’ गोल आणि भरलेला ऐकू आला तिथे खूण केली. पहिला समोर डाव्या बाजूला बसला. दुसरा थेट सोफ्याच्या पाठीशी, दोन फुटांवर. इतक्या जवळून आलेला आवाज खोलीत पसरायच्या आधीच आपल्यापर्यंत पोचतो. बेसमेंटची जमीन काँक्रीटची असल्यामुळे लाकडी मजल्यासारखा पायाला हादरा मिळत नाही. ती उणीवही या मागच्या सबवूफरने बरीचशी भरून काढली.

एक खोच मात्र अनेक दिवस सुटत नव्हती. डग्ग्याची मींड वर चढताना मध्येच एका ठिकाणी तिचा आवाज दबायचा, जणू वादकाने तळहात उचलला. मी मोजमापाचा यूएसबी मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन मोजले, तर खड्डा ७५ हर्ट्झच्या जवळ निघाला. साडेसात फुटांचे छत आणि जमीन यांच्यामधली पहिली अनुनादी लहर बरोबर ७५ हर्ट्झची असते, तिचा शांत बिंदू मधोमध, म्हणजे पावणेचार फुटांवर येतो, आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान साडेतीन फुटांवर असतो. सबवूफर जमिनीवर कुठेही सरकवला तरी छताची उंची तीच राहणार. अखेर मी क्रॉसओव्हर ८० वरून ६० हर्ट्झवर आणला, म्हणजे तो पट्टा कानाच्या उंचीवर असलेल्या मुख्य स्पीकरकडे गेला, आणि खड्डा अर्ध्याहून अधिक भरला. ज्यांचे छत बुटके आहे त्यांनी रिसीव्हरने सुचवलेला ८० चा आकडा एकदा तरी बदलून पाहावा.

उजवी बाजू उघडी असल्याचा परिणाम सराउंडवरही, म्हणजे बाजूच्या आणि मागच्या आवाजांच्या स्पीकरवरही, होतो. भिंतच नाही, तर स्पीकर लावायचा कुठे? आम्ही दोन्ही सराउंड सोफ्याच्या थोडे मागे स्टँडवर ठेवले आणि तारा गालिच्याखालून नेल्या. सर्वांत लांब तार ४५ फुटांची आहे. तिच्यासाठी जास्त जाड, १४ गेजची घेतली, बाकी ठिकाणी १६ ची पुरली. डावा मुख्य स्पीकर भिंतीपासून तीन फुटांवर आणि उजवा मोकळ्यात, म्हणून डाव्याचे खालचे स्वर फुगत होते. रिसीव्हरच्या स्वयंचलित जुळणीने ते नीट केले, मात्र मायक्रोफोन सोफ्याच्या आठ वेगवेगळ्या जागी धरून आणि घरातली यंत्रे बंद ठेवून. हा शेवटचा मुद्दा साधा असला तरी महत्त्वाचा आहे. हवेतली ओल काढणारा आमचा डीह्युमिडिफायर उन्हाळ्यात दिवसरात्र चालतो, पावसाळी आठवड्यात पाणी उपसणारा संप पंप दर काही मिनिटांनी गुरगुरतो, आणि हिवाळ्यात घर गरम करणारी फर्नेस. पुटपुटलेले संवाद या आवाजांत बुडतात आणि दोष सेंटरला लागतो. आम्ही फर्नेसच्या खोलीला भरीव लाकडाचे दार बसवले. स्पीकर न बदलता एवढा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही.

तक्रार राहते ती सबवूफरच्या आपोआप सुरू होण्याबद्दल. रात्री मुले झोपल्यावर हळू आवाजात लावले की येणारा संकेत इतका क्षीण असतो की मागचा सबवूफर जागाच होत नाही. रिसीव्हरपासून १२ व्होल्टची ट्रिगर तार जोडल्यावर तो प्रश्न मिटला. वरच्या शयनकक्षात मात्र बास अजूनही पोचतो. काँक्रीटच्या भिंती शेजाऱ्यांना वाचवतात, पण डोक्यावरचे छत लाकडी तुळयांचे आहे आणि दाराविना जिना आहे. रात्री दहानंतर आम्ही सबवूफर सहा डेसिबल खाली आणतो.

या महिन्यात गणपतीला तीसेक माणसे बेसमेंटमध्ये होती. सोफा भिंतीला लावला, सराउंडचे स्टँड आणि मागचा सबवूफर फर्नेसच्या खोलीत गेले. हलवण्यापूर्वी प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांशी मी गालिच्यावर निळी टेप चिकटवली आणि त्यावर पेनाने ‘डावा’, ‘उजवा’, ‘सोफा’ असे लिहिले. विसर्जनानंतर सगळे त्या खुणांवर परत ठेवून पुन्हा मोजले, तेव्हा जुन्या आणि नव्या आलेखात एका डेसिबलचाही फरक नव्हता. टेप अजून काढलेली नाही.